गिअर कोणाच्या हातीं?

मोटार घेण्याचा विषय घरांत निघाला म्हणजे पहिले आठ दिवस रंगांत जातात, पुढले पंधरा किंमतींत, आणि मग एके दिवशीं जेवतांना कोणीतरी विचारतें, "गिअर हाताचा कीं आपोआप पडणारा?" मोटार साधी असेल तर ह्या प्रश्नाचा निकाल पानावरच लागतो. परंतु घरांतील तरुण मंडळींची नजर चपळ, वेगवान, 'स्पोर्ट्‌स' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोटारीवर खिळलेली असली, तर वाद पानावरून उठून दिवाणखान्यांत येतो आणि तेथें चांगला महिनाभर मुक्काम करतो. एक पक्ष म्हणतो, हाताचा गिअर नाहीं ती कसली स्पोर्ट्‌स मोटार! दुसरा म्हणतो, जगांतील उत्तमोत्तम शर्यतीच्या मोटारींनीं क्लचचें पेडल केव्हांच काढून टाकलें, तुम्ही कोणत्या काळांत आहांत? दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

ह्या वादाचा निवाडा करण्यास पुनावळ्याइतकें योग्य ठिकाण आम्हांस दुसरें दिसत नाहीं. १९९७ सालीं हें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि जेथें शेतें होतीं तेथें आज मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती उभ्या आहेत. मुंबई-बंगळूर महामार्ग गांवाला लागूनच जातो. २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगति मार्गाचें तोंड शेजारच्या किवळ्यास आहे. दुसऱ्या अंगास हिंजवडी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ हजारों मोटारींची रांग. महामार्गाखालचा पुनावळ्याचा बोगदा ज्यांनीं संध्याकाळीं सात वाजतां ओलांडला असेल त्यांस ह्या रांगेविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं. भरधाव जाण्याचा रस्ता आणि मुळींच न हलण्याचा रस्ता असे दोन्ही एकाच वेशीवर आहेत. आणि तास-दीड तासाच्या आंत पिंपरी, चाकण, तळेगांव हीं मोटारींचीं माहेरघरें आहेत.

आधीं यंत्राविषयीं थोडें. मोटारीचें एंजिन हा मोठा मानी प्राणी आहे. मिनिटाला सात-आठशें फेऱ्यांखालीं त्याला आणलें तर तें रुसून बंद पडतें, आणि सामान्य पेट्रोल एंजिनास सहा-साडेसहा हजारांच्या वर नेववत नाहीं. उलट चाकाची गोष्ट. तें शून्यापासून निघतें, आणि ताशी १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या बेताच्या मोटारीचें चाक मिनिटाला साडेआठशें ते नऊशेंच फेऱ्या करतें. ह्या दोघांचा मेळ घालून देणारीं दांतेरी चाकें म्हणजे गिअर. चढ लागला कीं एंजिनास पुष्कळ फिरवून चाकास थोडें पण जोरानें फिरवावयाचें, आणि सपाटी लागली कीं एंजिनास विसांवा द्यावयाचा. हा मेळ बदलतांना एंजिन व चाक ह्यांची क्षणभर फारकत करावी लागते. तें काम क्लचचें. डावा पाय दाबला कीं घर्षणाची तबकडी एंजिनाच्या जड चक्रापासून सुटते, सोडला कीं पुन्हा चिकटते. ती किती हळू चिकटवावी ह्यांतच नवशिक्याची सारी परीक्षा असते.

पूर्वीं तर हाताचा गिअर ही खरोखरीची कसरत होती. दोन चाकांची गति जुळली नाहीं तर दांत खडखडत, आणि ती जुळावी म्हणून क्लच दोनदां दाबावा लागे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें चाकांची गति आपोआप जुळवून घेणारी रचना आपल्या मोटारींत बसविली आणि हें कष्ट हलके केले. पुढें १९३९ सालीं ओल्ड्‌समोबिल कंपनीनें १९४० च्या मोटारींकरितां हायड्रामॅटिक नांवाचें यंत्र बाजारांत आणलें, त्यांत डाव्या पायाचें काम संपलेंच. एंजिन आणि चाकें ह्यांच्यामध्यें तेलानें भरलेलें एक भांडें आणि त्यांत समोरासमोर दोन पंखे. एक फिरला म्हणजे तेलाच्या रेट्यानें दुसरा फिरूं लागतो. ह्या जातीचीं यंत्रें पुढें सुधारत गेलीं, पण दीर्घकाळपर्यंत त्यांत एक उणीव राहिली. तेल घसरे, कांहीं शक्ति तेल ढवळण्यांतच जाई, आणि पाय दाबल्यावर मोटार एक क्षण विचार करून मग निघे. आपोआप गिअराविषयीं मोटारशोकिनांच्या मनांत जी अढी बसली ती ह्या काळांतील. ती त्या वेळीं रास्तच होती.

आज ती रास्त राहिलेली नाहीं. १९८९ सालीं फेरारीनें आपल्या शर्यतीच्या मोटारींत स्टिअरिंगच्या मागें दोन पात्या बसविल्या, बोटानें ओढली कीं गिअर बदले. आणि नायजेल मॅन्सेल ह्यानें ब्राझीलची शर्यत पहिल्याच प्रयत्नांत जिंकली. २००३ सालीं फोक्सवॅगननें गोल्फ मोटारींत दोन क्लचांचें यंत्र घातलें. ही कल्पना त्यापूर्वीं पोर्शेनें शर्यतींत वापरून पाहिली होती. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पांचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. ज्यांच्या घरीं पंगतीला गरम पोळ्या वाढण्याची चाल आहे त्यांस ही युक्ति समजावून सांगण्याची जरूर नाहीं: एका तव्यावरची पोळी उतरतां उतरतां दुसऱ्या तव्यावर दुसरी पडलेली असते, आणि पंगत खोळंबत नाहीं. माणसाच्या हातापायांनीं इतक्या जलद गिअर बदलणें अशक्य आहे.

म्हणून वेगाच्या मुद्द्यावर हाताच्या गिअरची बाजू मांडूं पाहणाऱ्या तरुणांस आम्ही एकच उदाहरण देतों. पोर्शे कंपनीनें २०१३ सालीं आपली ९११ जीटी-३ ही कडवी स्पोर्ट्‌स मोटार केवळ दुहेरी क्लचच्या यंत्रासह काढली. चाहत्यांनीं गिल्ला केला. २०१६ सालीं कंपनीनें हाताच्या सहा गिअरांची ९११ आर ही मोटार मोजून ९९१ काढली, तिच्यावर उड्या पडल्या, आणि २०१७ च्या जीटी-३ मध्यें हाताचा गिअर परत आला. आतां कंपनीचेच आंकडे पाहा: शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गांठण्यास दुहेरी क्लचच्या मोटारीस ३.४ सेकंद लागत, हाताच्या गिअरच्या त्याच मोटारीस ३.९. अर्धा सेकंद मागें पडतों हें ठाऊक असून लोकांनीं हाताचा गिअर मागून घेतला. त्यांना वेग नको होता, आनंद हवा होता. शोकिनांनीं हें मोकळेपणानें कबूल करावें, म्हणजे वादांतील निम्मा धूर निघून जाईल.

हा आनंद खोटा आहे असें मात्र आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. मुळशीवरून ताम्हिणीच्या घाटास लागावें, पावसानें धुतलेला रस्ता असावा, समोर वळण दिसतांच पाय ब्रेकवर जावा, डावा हात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावा, एंजिनाचा स्वर चढावा, आणि वळणाच्या कुशींतून मोटार नेमक्या जोरानें बाहेर पडावी. ह्यांत हात, पाय, कान आणि डोळे ह्यांचा जो एकोपा साधतो तो तबलजीस समेवर येतांना होणाऱ्या आनंदाच्या जातीचा आहे. शिवाय ह्यांत एक व्यवहाराची गोष्टही दडलेली आहे. आपोआप गिअरच्या यंत्राला चाकाखालचा रस्ता कळतो, पुढचें वळण कळत नाहीं. चालक वळणाआधींच गिअर उतरवितो. यंत्र पाय हलल्यावर उतरवितें. रोल्स-रॉइस कंपनीनें २०१३ च्या रेथ मोटारींत उपग्रहाच्या साह्यानें पुढील रस्ता ओळखून गिअर निवडणारें यंत्र घातलें खरें, पण तें आपल्यासारख्यांच्या दारांत येणारें वाहन नव्हे.

आतां आपल्या परिसराकडे वळूं. स्पोर्ट्‌स मोटारीस कोणता गिअर द्यावा ह्या प्रश्नाला येथील कारखान्यांनीं एकमेकांशीं न जुळणारीं उत्तरें दिलेलीं आहेत. पुण्याजवळ बनलेली डीसी अवंती ही मोटार २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. आसनांच्या मागें एंजिन, रेनोचें दोन लिटरचें, अश्वशक्ति २५०, आणि गिअर सहा, सगळे हाताचे. (त्याहीपूर्वीं विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत तयार झालेली सॅन स्टॉर्म ही छोटी उघडी दुआसनी मोटारही हाताच्याच गिअरची होती. तिची शक्ति साठ अश्वांच्या आसपास, म्हणजे स्पोर्ट्‌सपणा अंगापेक्षां वेषांतच अधिक!) ह्याच्या उलट पिंपरीस १९६६ पासून कारखाना असलेल्या टाटा मोटर्सनें २०१७ च्या मार्चमध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत 'रेसमो' नांवाची दुआसनी मोटार मांडली. एंजिन अवघें १.२ लिटरचें पण १९० अश्वशक्तीचें. आणि सहा गिअर असे कीं पेटी हाताच्याच गिअरची, मात्र क्लच दाबण्याचें व गिअर टाकण्याचें काम यंत्राकडे, हुकूम तेवढा स्टिअरिंगमागच्या पात्यांतून चालकाचा. ती रस्त्यावर विक्रीस कधींच आली नाहीं. आम्हांस ह्याची हळहळ वाटते. आली असती तर स्वस्त आणि हलक्या मार्गानें दोन्ही पक्षांचें समाधान होतें किंवा कसें ह्याचा पडताळा मिळाला असता.

सर्वांत गमतीची गोष्ट चाकणची. तेथील फोक्सवॅगनच्या कारखान्यांतून २०१३ सालीं पोलो जीटी ह्या एकाच नांवाच्या दोन मोटारी निघाल्या. पेट्रोलची १.२ लिटर, १०५ अश्वशक्तीची, सात गिअरच्या दुहेरी क्लचची. हिला हाताचा गिअर मिळत नसे. डिझेलची तितक्याच अश्वशक्तीची, तिला पांच गिअर हाताचे. हिला आपोआप गिअर मिळत नसे. म्हणजे ग्राहकानें इंधन निवडलें कीं गिअरची निवड झालीच! पोलोचें येथील उत्पादन २०२२ सालीं थांबलें. त्याच वर्षीं आलेल्या व्हर्टस जीटीचें १५० अश्वशक्तीचें एंजिन आरंभीं फक्त दुहेरी क्लचसह मिळे. ओरड झाली आणि २०२३ सालीं हाताच्या सहा गिअरची आवृत्ति निघाली. पोर्शेच्या बाबतींत घडलें तेंच चाकणलाही घडलें. आणि २०२० पासून त्याच चाकणला मर्सिडीजच्या एएमजी ह्या अतिवेगवान शाखेच्या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या, त्यांत डाव्या पायास कामच नाहीं.

कारखानदारांचें असें, घराचें काय? आमच्या ओळखीच्या एका पुनावळ्यांतील कुटुंबांत मुलानें मोठ्या हौसेनें हाताच्या गिअरची चपळ मोटार आणली. मुलगा आठवड्यांतून चार दिवस घरूनच काम करतो. सूनबाईंस मात्र रोज हिंजवडीस जावें लागतें. रविवारीं सकाळीं चिरंजीव लोणावळ्यास जाऊन तृप्त मनानें परत येत, आणि सोमवारपासून सूनबाई बोगद्यापाशीं पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर, ह्या जपाला बसत. चपळ मोटारीचा क्लच बहुधा अंमळ कडकच असतो. दोन महिन्यांनीं त्यांचा डावा गुडघा धरला. सासूबाई फारशा बोलणाऱ्या नव्हेत; पण एके संध्याकाळीं सुनेच्या गुडघ्याला तेल चोळतां चोळतां त्या म्हणाल्या, "गाडी त्याची, गुडघा हिचा!" मामंजींनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. त्या दिवशीं घरांत प्रथमच असा हिशोब मांडला गेला कीं मोटार आठवड्यांत किती तास कोण चालवितें, आणि त्यांतले किती तास कोणत्या रस्त्यावर जातात. हिशोब मांडल्यावर वाद उरला नाहीं. मोटार बदलली.

हा हिशोब प्रत्येक घरानें मोटार घेण्यापूर्वीं मांडावा असें आमचें स्पष्ट मत आहे. द्रुतगति मार्गावर मोटारीस ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि घाटांत त्याहून बरीच कमी. त्या मर्यादेंत वरचा गिअर एकदां पडला कीं तासभर त्याला हात लावावा लागत नाहीं. मग तो हातानें पडला कीं आपोआप, ह्यानें काय होतें? गिअरचा खरा संबंध दोनच ठिकाणीं येतो: तुंबलेल्या रस्त्यावर आणि वळणांच्या रस्त्यावर. पहिल्यावर घरांतील सर्वांचे तास जातात, दुसऱ्यावर बहुधा एकाचे.

आपोआप गिअर घेण्याचें ठरलें तरी विचार संपत नाहीं, कारण त्या एका नांवाखालीं निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात आणि दुकानदार तीं सारखींच असल्याचें भासवितो. रेसमोच्या जातीचें, म्हणजे यंत्रानें दाबलेल्या क्लचचें साधन सर्वांत स्वस्त. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओ मोटारीपासून तें घरोघर पोहोंचलें. परंतु प्रत्येक गिअरला मोटार मान डोलावते, आणि मागें बसलेल्या आजीबाईंस तें सोसत नाहीं. दुहेरी क्लच सर्वांत चलाख. पण लहान मोटारींत त्याच्या तबकड्या पुष्कळदां कोरड्या, बिनतेलाच्या असतात, आणि मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या रांगेंत त्या तापतात. म्हणून अशा मोटारीनें दर चार फुटांनीं पुढें सरकत राहूं नये. समोर दोन मोटारींची जागा होऊं द्यावी, मग एकदम जावें. तेलाच्या पंख्यांचें जुनें यंत्र ह्या रांगेंत सर्वांत शांत चालतें. आज तें पुष्कळ सुधारलें आहे, आणि त्याला नाक मुरडणारांनीं एकदां चालवून पाहावें.

घाट उतरण्याविषयीं एक सूचना येथेंच केलेली बरी, कारण ती जीविताशीं संबंध ठेवते. हाताच्या गिअरचा चालक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना खालचा गिअर टाकतो आणि एंजिनच मोटारीस आवरून धरतें. हें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. आपोआप गिअरवरच शिकलेला चालक सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ब्रेक तापतात, आणि ऐन वळणावर त्यांची पकड सुटण्याचा धोका उत्पन्न होतो. वास्तविक जवळजवळ प्रत्येक आपोआप मोटारींत हातानें खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय आहे. पात्या असल्या तर डाव्या पातीचा खरा उपयोग शर्यतींत नसून येथें आहे. घरांतील प्रत्येक चालकाला ती सोय दाखवून द्यावी.

खर्चाचें थोडक्यांत सांगतों. दुहेरी क्लचच्या मोटारीस हाताच्या गिअरहून लाखभर रुपये तरी अधिक पडतात. आपोआप गिअर म्हणजे तेल पिणारी गाडी हा समज मात्र दुहेरी क्लचला लागूं नाहीं. नीट चालविल्यास दोहोंत फारसा फरक राहत नाहीं. दुरुस्तीचा मात्र फरक राहतो. हाताच्या गिअरची क्लच-तबकडी तालुक्याच्या गांवचा हुशार मिस्त्रीही बदलतो. दुहेरी क्लचचें यंत्र बिघडलें तर मोठ्या कारखान्याची पायरी चढावी लागते आणि बिल पाहून बसावें लागतें. हमीची मुदत संपल्यावर जुनी मोटार घेणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मुलांना शिकवितांना मात्र हाताचा गिअर शिकवावा, मग पुढें कोणतीही मोटार चालवोत. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यांत 'गिअरविरहित' असा वेगळा वर्ग आहे. मोटारीच्या परवान्यांत तसा भेद नाहीं. त्यामुळें आपोआप मोटारीवर शिकलेल्या मुलास कायदा दोन्ही चालविण्याची मुभा देतो, आणि अडीअडचणीस शेजाऱ्याची हाताच्या गिअरची मोटार घेऊन कोणाला दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली म्हणजे कायद्यानें दिलेलें ज्ञान कामास येत नाहीं. इंग्लंडांत आपोआप मोटारीवर परीक्षा दिलेल्यास हाताच्या गिअरची मोटार चालवितां येत नाहीं. ती पद्धति आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

शिवाय हा सारा वाद किती दिवसांचा सोबती आहे हाही प्रश्नच आहे. विजेच्या मोटारीस शून्यापासून पूर्ण जोर मिळतो, म्हणून तिला बहुधा एकच गिअर पुरतो. २०२४ च्या नोव्हेंबरांत महिंद्र कंपनीनें ज्या दोन विजेच्या मोटारी पुढें आणल्या त्या ह्याच चाकणच्या कारखान्यांत बनतात आणि त्यांत गिअर बदलणें हा प्रकारच नाहीं. तिकडे कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें २०२३ सालीं एका वेगवान विजेच्या मोटारींत खोट्या गिअरांचे धक्के आणि खोट्या एंजिनाचा आवाज घातला आहे! बाळाची बोळकी खेळण्यांतून गेली म्हणून मोठेपणीं चांदीचीं करून शोकेसमध्यें मांडावीं, तशांतला हा प्रकार. आम्हांस हसूं आलें, पण त्यामागील ओढ आम्ही समजूं शकतों.

तेव्हां आमचा सल्ला असा. घरांत एकच मोटार असणार आणि ती दोघां-तिघांनीं चालवावयाची, तर ती कितीही चपळ घ्या, गिअर आपोआपच असावा, आणि त्याला पात्या असाव्यात. घरच्या कामास दुसरी मोटार आहे व ही केवळ हौसेची, तर हाताचा गिअरच घ्यावा; हौसेच्या वस्तूंतून हौसच काढून टाकण्यांत शहाणपण नाहीं, आणि नव्यानें मिळणाऱ्या अशा मोटारी दिवसेंदिवस कमी होत आहेत. जो आनंद घेणार त्याच्याच पायास कष्ट पडत असतील तर त्यांत इतरांनीं बोलण्याचें कारण नाहीं.

परीक्षेसाठीं मोटार चालवून पाहावयाची ती दुकानदार सुचवील त्या रविवारीं सकाळीं मोकळ्या महामार्गावर पाहूं नये. बुधवार-गुरुवार पाहावा, संध्याकाळीं साडेसहाची वेळ साधावी, आणि हिंजवडीकडून पुनावळ्याच्या बोगद्यांतून पलीकडे जाऊन परत यावें. पुढें घरांतील ज्या व्यक्तीस मोटार सर्वांत अधिक चालवावी लागणार आहे तिला स्टिअरिंगवर बसवावें. पैसे देणारानें मागें बसावें.